तीन महिने थांबायला लावणारा ब्रीडर

पर्शियन मांजराचं पिल्लू हवं असेल, तर मुंबई-पुण्यात ते मिळायला वेळ लागत नाही. फोनवर फोटो येतात, 'डॉल फेस', 'सेमी पंच', 'पंच फेस' असे चेहऱ्याचे प्रकार आणि त्यांचे चढते भाव येतात, आणि शेवटी एक वाक्य येतं: पंचेचाळीस दिवसांचं आहे, ट्रेमध्येच शी-शू करतं, आजच घेऊन जा. याच शहरांतले काही थोडे ब्रीडर मात्र नेमके उलट वागतात. ते पिल्लू दाखवतात, हातातही देतात, पण घरी नेऊ देत नाहीत. तीन महिने पुरे होऊ द्या, म्हणतात. बाल्कनीला जाळी आहे का, दिवसभर घरी कोण असतं, आधीचं मांजर कशाने गेलं, असे प्रश्न विचारतात. नसबंदीची अट लेखी घेतात आणि पैसेही जास्त सांगतात. पैसे मोजणाऱ्याला हे खटकतं. विकत घेणारा मी, मग परीक्षा माझी कशाला?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मांजराच्या शरीरात आहे. जातिवंत मांजरांतले बरेचसे दोष उशिरा उघड होतात. काही जन्मानंतर दुसऱ्या दिवशी, काही चौथ्या महिन्यात, काही सहा-सात वर्षांनी. विक्रीच्या दिवशी मात्र सगळीच पिल्लं सारखी गोंडस असतात. उशिरा कळणाऱ्या गोष्टी आधीच ओळखायच्या आणि टाळायच्या, हेच जबाबदार पैदाशीचं मुख्य काम आहे. ते कसं चालतं, हे पाहिलं की त्या प्रश्नांचा अर्थ लागतो.

दुसऱ्या दिवशी दगावणारी पिल्लं

सगळ्यात लवकर उघड होणाऱ्या दोषापासून सुरुवात करू. एखादी ब्रिटिश शॉर्टहेअर मांजरी विते. चार पिल्लं होतात, प्रत्येकी शंभरेक ग्रॅम वजनाची, चारही लगेच आचळाला लागलेली. दुसऱ्या दिवशी त्यांतली दोन पिणं सोडतात. त्यांची लघवी तांबूस-तपकिरी होते, अंग पिवळं पडतं आणि ती दगावतात. उरलेली दोन मात्र त्याच आईचं दूध पिऊन बाळसं धरतात. गारठा लागला असेल, आईच्या अंगाखाली आली असतील, असं समजून हा विषय सोडून दिला जातो. खरं कारण बहुधा रक्तगटात असतं.

मांजरांचे मुख्य रक्तगट तीन: ए, बी आणि क्वचित आढळणारा एबी. प्रत्येक पिल्लाला रक्तगटाच्या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. ए ची एक जरी प्रत मिळाली, तरी पिल्लाचा गट ए होतो. म्हणून ए ला प्रभावी म्हणतात. बी गट व्हायला दोन्ही प्रती बी लागतात. बी गटाच्या मांजराच्या रक्तात ए गटाच्या तांबड्या पेशी फोडणारी तीव्र प्रतिपिंडं असतात, आणि ती तयार व्हायला ए गटाच्या रक्ताशी आधी कधी संबंध यावा लागत नाही. माणसांत आरएच गट जुळला नाही तर पहिलं मूल बहुधा सुखरूप राहतं आणि धोका पुढच्या गरोदरपणी येतो. मांजरीच्या मात्र पहिल्याच वेतात हा घात होतो.

आईची ही प्रतिपिंडं पिल्लाच्या अंगात जातात चिकातून. मांजरीच्या वारेतून पोटातल्या पिल्लापर्यंत प्रतिपिंडं फारच थोडी पोचतात, बाकी सगळी पहिल्या दुधातून मिळायची असतात. त्यासाठी नवजात पिल्लाच्या आतड्याची रचनाच वेगळी असते. पहिले सोळा-अठरा तास ते प्रतिपिंडं न पचवता जशीच्या तशी रक्तात घेतं, मग ती वाट बंद होते. आई बी गटाची आणि पिल्लू ए गटाचं असेल, तर रोगांपासून वाचवणाऱ्या त्याच चिकातून पिल्लाच्या रक्तपेशी फोडणारी प्रतिपिंडंही आत शिरतात. बापाकडे ए च्या दोन प्रती असल्या, तर सगळीच पिल्लं ए गटाची निपजतात आणि सगळ्यांनाच धोका असतो. बापाकडे एक ए आणि एक बी असली, तर सरासरीने निम्मी पिल्लं बी गटाची होतात आणि सुरक्षित राहतात. दोन गेली, दोन जगली, याचा हिशोब असा आहे.

सयामी मांजरं जवळजवळ सगळी ए गटाची, त्यामुळे त्यांच्यात हा प्रश्न फारसा येत नाही. ब्रिटिश शॉर्टहेअर, डेव्हन रेक्स, टर्किश अँगोरा यांच्यात बी गट बऱ्याच प्रमाणात आढळतो आणि पर्शियनांतही तो आहे. उपाय अवघड नाही. मेटिंगच्या आधी दोघांचे रक्तगट तपासायचे आणि बी गटाच्या मांजरीला बी गटाचाच बोका द्यायचा. तसा जोडीदार नसेल, तर पिल्लांना पहिला दिवसभर आईपासून दूर ठेवून ए गटाच्या दुसऱ्या वितलेल्या मांजरीचं किंवा पिल्लांसाठी मिळणाऱ्या पावडरीचं दूध पाजायचं, आणि आतड्याची ती वाट बंद झाली की परत आईकडे द्यायचं. एवढ्या साध्या माहितीअभावी वेतंच्या वेतं जातात, आणि हे मला फार क्लेशदायक वाटतं.

सात वर्षं न दिसणारा आजार

आता दुसरं टोक. पर्शियन जातीत मूत्रपिंडाचा एक आनुवंशिक आजार आहे. त्याचं लांबलचक नाव सोडून ब्रीडर आणि डॉक्टर त्याला पीकेडी म्हणतात. जन्मतःच मूत्रपिंडात पाण्याने भरलेल्या बारीक पुटकुळ्या असतात. वर्षागणिक त्या मोठ्या होतात आणि मूत्रपिंडाचा काम करणारा भाग दाबून टाकतात. मांजराला मूत्रपिंडाचा बराचसा भाग जाईपर्यंत काही जाणवत नाही. सरासरी सातव्या वर्षाच्या सुमारास ते पाणी जास्त पिऊ लागतं, वजन उतरतं, उलट्या होतात, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

सातव्या वर्षापर्यंत त्या मांजरीची कितीतरी वेतं होऊन गेलेली असतात. हा दोष प्रभावी आहे. दोषी जनुकाची एक प्रतही आजार द्यायला पुरते, म्हणून बाधित मांजराच्या सरासरीने निम्म्या पिल्लांना तो होतोच. जनुकातला हा बदल २००४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी शोधला. त्याआधीच्या काळात निरनिराळ्या देशांत सोनोग्राफी करून पाहण्या झाल्या, तेव्हा पर्शियनांपैकी एक तृतीयांशाहून जास्त मांजरं बाधित निघाली होती. इतका गंभीर आजार इतका पसरला, कारण तो पैदाशीचं वय उलटून गेल्यावरच दिसत होता. वाईट वागणारे ब्रीडर सोडाच, चांगले ब्रीडरही त्याला पकडू शकत नव्हते.

आज पकडता येतो. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना प्रयोगशाळेला पाठवला की एका चाचणीत उत्तर मिळतं, तेही पिल्लाच्या लहान वयातच. दोषी जनुकाच्या दोन्ही प्रती मिळालेले गर्भ पोटातच मरतात, त्यामुळे जिवंत असलेल्या प्रत्येक बाधित मांजराकडे एक प्रत चांगली असतेच. म्हणजे एखादी मौल्यवान मांजरी बाधित निघाली, तर तिच्या वेतातलं एखादं निर्दोष पिल्लू पुढे नेऊन वंश टिकवता येतो आणि दोष तिथेच थांबवता येतो.

अर्थात प्रत्येक आजार एका काडीने सुटत नाही. मेन कून जातीत हृदयाची भिंत जाड होण्याचा आजार आहे, आणि त्याला कारण ठरणारा एक जनुकीय बदल २००५ साली सापडला. पण तो बदल नसलेल्या मेन कूननाही हा आजार होऊ शकतो, कारण त्याची इतर कारणंही आहेत. म्हणून जनुकाची चाचणी चांगली आली तरी पैदाशीच्या मांजरांची वेळोवेळी हृदयाची सोनोग्राफी करावी लागते. 'सगळ्या टेस्ट निगेटिव्ह आहेत' असं कुणी सांगितलं, तर कोणत्या आणि कधी केलेल्या, हे विचारायलाच हवं.

डोळस आई-बाप, आंधळं पिल्लू

तिसरा प्रकार लपून राहणाऱ्या दोषांचा. पर्शियनांत डोळ्याच्या पडद्याचा एक ऱ्हास होतो. पिल्लू डोळे उघडतं, पहिले काही आठवडे पाहतंही, पण चार महिन्यांचं होईस्तोवर त्याची नजर पूर्ण जाते. आई-बाप दोघेही स्वच्छ पाहणारे असतात. हा दोष अप्रभावी आहे. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच तो प्रकट होतो. एकच बिघडलेली असेल, तर मांजर निरोगी राहतं आणि दोष पुढे वाहून नेतं. त्याला वाहक म्हणायचं. दोन वाहकांची जोडी लागली, तर सरासरीने दर चार पिल्लांमागे एक आंधळं निपजतं. पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू विकणाऱ्याला ते पिल्लू आंधळं झाल्याचं कळतच नाही. ते कळतं त्या घराला.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ती मनाला पटकन पटत नाही. वाहक मांजर पैदाशीतून सरसकट काढून टाकणं शहाणपणाचं नाही. वाहक आणि निर्दोष अशी जोडी लावली, तर एकही पिल्लू आंधळं होत नाही. कोणत्याही चाचणीत नापास झालेलं प्रत्येक मांजर बाहेर काढलं, तर जातीत मोजकीच मांजरं उरतील आणि त्यातून दुसरा मोठा धोका ओढवेल.

तो धोका म्हणजे रक्ताच्या नात्यातल्या जोड्या. प्रत्येक प्राण्याच्या अंगात काही ना काही लपलेले दोष असतात. दोन अनोळखी मांजरांचे दोष वेगवेगळे असतात, त्यामुळे ते सहसा एकत्र येत नाहीत. बापाची लेकीशी किंवा भावाची बहिणीशी जोडी लावली, की पिल्लाच्या जनुकांच्या कोणत्याही एका जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता पंचवीस टक्के होते. सावत्र भावंडांत ती साडेबारा टक्के असते. यालाच अंतःप्रजननाचा गुणांक म्हणतात. तो वाढत गेला, की वेतं लहान होतात, पिल्लं कमजोर निपजतात आणि रोगांशी झुंजायची ताकद घटते.

जातिवंत मांजरांचा इतिहास पाहिला तर हा धोका त्यांच्या घडणीतच आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १३ जुलै १८७१ रोजी हॅरिसन वेअर यांनी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि तिथून मांजरांच्या जाती, त्यांची मानकं आणि वंशावळी यांची शिस्तवार नोंद रुजू लागली. ब्रिटनमधली गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी, म्हणजे जीसीसीएफ, १९१० ची. बऱ्याच जाती अगदी थोड्या मांजरांपासून वाढवलेल्या आहेत. पाश्चात्त्य देशांतल्या बर्मीज जातीची तर जवळजवळ सगळी वंशावळ एकाच मांजरीपर्यंत जाते. डॉ. जोसेफ थॉम्पसन यांनी १९३० साली सॅन फ्रान्सिस्कोत आणलेली ती वाँग माऊ. पुढे जनुकीय अभ्यास झाले, तेव्हा बर्मीज ही सर्वांत कमी विविधता असलेल्या जातींपैकी एक निघाली. अमेरिकेतल्या बर्मीजांच्या एका शाखेत विशिष्ट गोल चेहरा हवा म्हणून निवड होत राहिली आणि त्याच जनुकाच्या दोन प्रती मिळालेली पिल्लं डोक्याची भयानक विकृती घेऊन जन्मू लागली.

आपल्याकडे पर्शियन म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक मांजरांना वंशावळीचा कागदच नसतो. कागद नसला म्हणजे मांजर वाईट, असं अजिबात नाही. पण दोन मांजरांचे आजोबा एकच होते का, हे सांगायला दुसरं साधन नसतं. एखादा देखणा स्टड बोका गावभरच्या मांजऱ्यांना लावला जातो, दोन-तीन वर्षांत त्याचीच नातवंडं एकमेकांना लावली जातात, आणि कुणालाच ते माहीत नसतं. वंशावळीचा खरा उपयोग मिरवण्यासाठी नाही, तो या हिशोबासाठी आहे.

दोषच जातीची ओळख ठरतो तेव्हा

आतापर्यंतचे दोष नको असलेले होते. काही दोष मात्र माणसाने हवे म्हणून निवडले आहेत.

स्कॉटलंडमधल्या कूपर अँगस गावाजवळच्या एका शेतावर १९६१ साली सूझी नावाची पांढरी मांजरी आढळली. तिचे कान पुढे दुमडलेले होते. तिच्या वंशजांची जात झाली स्कॉटिश फोल्ड. कान दुमडतो, कारण त्यातली कूर्चा कमजोर असते. पण कूर्चा फक्त कानात नसते. तोच जनुकीय बदल सांध्यांतल्या आणि वाढत्या हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेतही असतो. घोट्यांभोवती हाडाच्या गाठी वाढतात, शेपूट ताठरते, उडी मारताना दुखतं. आधी असा समज होता, की दोन दुमडकानी मांजरांची जोडी लावली नाही म्हणजे झालं. पुढे दिसलं, की एकच प्रत मिळालेल्या मांजरांतही कमीअधिक प्रमाणात हा आजार असतो. जीसीसीएफने या जातीची नोंदणी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच थांबवली, आणि नेदरलँड्समध्ये तिच्या पैदाशीवर बंदी आहे. आपल्याकडे ही पिल्लं चढ्या भावाने विकली जातात. दुखतं म्हणून कमी हालणाऱ्या मांजराला 'स्वभावाने शांत' म्हटलं जातं. या जातीची जबाबदार पैदास कशी करावी, असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर आहे: करू नये.

पर्शियनांच्या चपट्या चेहऱ्याबद्दल इतकं टोकाचं बोलता येत नाही, कारण तिथे प्रश्न प्रमाणाचा आहे. कवटीची हाडं आखूड केली, तरी आतले मऊ भाग त्या प्रमाणात लहान होत नाहीत. नाकपुड्या अरुंद होतात, टाळू मागे श्वासनळीच्या तोंडाशी दाटतो, डोळ्यातून नाकात उतरणारी अश्रूंची नळी वाकडी होते आणि पाणी गालावरून वाहत राहतं. जबडा जुळत नाही, दात वेडेवाकडे येतात. मोठ्या डोक्याची पिल्लं जन्मताना अडतात. मांजराला घाम जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना येतो. खूप उकडलं, तर ते अंग चाटून किंवा धापा टाकून शरीर थंड करतं. श्वासाची वाटच अरुंद असलेल्या, वर दाट लोकर वागवणाऱ्या मांजराला नागपूरचा मे महिना किंवा कोकणातली दमट हवा किती जड जात असेल, याची कल्पना करून पाहावी. जीसीसीएफच्या मानकात एक सोपी खूण दिली आहे. नाकाच्या उघड्या कातडीची वरची कड डोळ्याच्या खालच्या पापणीच्या वर जाता कामा नये. बाजारात 'पंच फेस' म्हणून सगळ्यात महाग विकला जाणारा चेहरा बहुधा याच खुणेत नापास होतो. लांब नाकाचं 'डॉल फेस' स्वस्त मिळतं आणि श्वासही नीट घेतं.

आईचं शरीर आणि पहिले बारा आठवडे

मांजरीचं माजावर येणं दिवसाच्या उजेडावर अवलंबून असतं. युरोपात हिवाळ्याचे दिवस आखूड होतात तेव्हा ते थांबतं. आपल्या अक्षांशावर आणि दिवे लावलेल्या घरात ते वर्षभर चालू राहू शकतं. शिवाय मांजरीचं बीज समागमानंतरच सुटतं. समागम झाला नाही, तर ती दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते, घसा फोडून ओरडते, लोळते. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते आणि साधारण पासष्ट दिवसांनी विते. म्हणजे माणसाने आवरलं नाही, तर तिचं शरीर स्वतःहून थांबत नाही. म्हणून फिफे या आंतरराष्ट्रीय महासंघाने मर्यादा घातली आहे: चोवीस महिन्यांत जास्तीत जास्त तीन वेतं. ब्रीडरकडे पिल्लू पाहताना त्याच्या आईची पाठ आणि तिची लोकर आवर्जून पाहावी. खंगलेली आई बरंच काही सांगते.

आता पंचेचाळीस दिवसांच्या प्रश्नाकडे येऊ. चिकातून मिळालेली प्रतिपिंडं म्हणजे आईने बांधून दिलेली शिदोरी. ती हळूहळू संपते, आणि प्रत्येक पिल्लाची वेगवेगळ्या दिवशी संपते. कुणाची सहाव्या आठवड्यात, कुणाची बाराव्या, कुणाची त्याहूनही पुढे. ती शिल्लक असेपर्यंत लस दिली, तरी आईची प्रतिपिंडंच त्या लशीला निष्प्रभ करतात आणि पिल्लाच्या शरीराला स्वतः काही शिकायला मिळत नाही. नेमका दिवस बाहेरून दिसत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत लस पुन्हा पुन्हा देतात. एकेका डोसाने ताकद वाढवत नेण्यासाठी हे नसतं, संरक्षण संपण्याचा दिवस चुकू नये म्हणून असतं.

पंचेचाळीसाव्या दिवशी पिल्लू बहुधा याच फटीत सापडतं. आईची प्रतिपिंडं संपत आलेली, लस एक झालेली किंवा झालेलीच नाही, आणि त्यातच प्रवास, नवं घर, नवं खाणं. मांजरांच्या ज्या आजाराला लोक 'कॅट पार्वो' म्हणतात, त्याचा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला काही दिवस जातात. म्हणून विकणाऱ्याकडे खेळणारं पिल्लू नव्या घरी चौथ्या दिवशी उलट्या-जुलाबांनी निपचित पडतं. घरच्यांना वाटतं, आपल्याच हातून काही चुकलं. बऱ्याचदा ते आधीच बाधित होऊन आलेलं असतं.

स्वभावाचंही तसंच. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांवरून दिसलं, की माणसाशी जवळीक जोडण्याचा मांजराचा मुख्य काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्यादरम्यान असतो. या काळात ज्यांना रोज जास्त वेळ हातात घेतलं, ती पुढे माणसाजवळ जास्त रमली. म्हणजे पिल्लू माणसाळण्याचं मोठं काम ब्रीडरच्याच घरी व्हायचं असतं. पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाचा तो काळ हुकला, तर नव्या घराला तो भरून काढणं कठीण जातं. सातव्या आठवड्यानंतर भावंडांच्या मस्तीतून दुसरं शिक्षण सुरू होतं. जोरात चावलं की भावंडं खेळ सोडून जातात, त्यातून किती चावायचं, नखं कधी आत घ्यायची, हे कळतं. हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली हजारो मांजरांच्या मालकांकडून मिळालेल्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकता जास्त दिसली, आणि चौदा आठवड्यांनंतरही आईजवळ राहिलेल्यांत ती आणि इतर वर्तनाचे प्रश्न कमी. जीसीसीएफ तर तेरा आठवड्यांच्या आत पिल्लू नव्या घरी देऊ नका, असंच सांगते. तीन महिन्यांची अट कुणाच्या लहरीतून आलेली नाही.

चौकट: पिल्लू पाहायला जाताना

पिल्लू त्याच्या आईसोबत आणि ते जिथे वाढलं त्या जागी पाहा. रस्त्यात किंवा गाडीत हातोहात घेऊ नका.
आई-बापांच्या पीकेडीच्या आणि रक्तगटाच्या चाचण्यांचे कागद मागा. कागदावरचं मांजर तेच आहे ना, हे मायक्रोचिपच्या क्रमांकावरून ताडा.
लसीकरणाच्या पुस्तिकेत डॉक्टरांची सही, तारीख आणि लशीचं लेबल असलं पाहिजे. जंताचं औषध कधी दिलं, तेही पाहा.
कानामागे, तोंडाभोवती, पंजांवर केस गेलेले गोल चट्टे दिसले, तर ते गजकर्ण असू शकतं. लांब केसांच्या मांजरांत ते बरंच आढळतं आणि माणसांनाही होतं.
श्वासाचा आवाज ऐका. झोपलेलं पिल्लू घोरत असेल, तोंड उघडून श्वास घेत असेल, तर ते गोड नाही, तो अडथळा आहे.

घर निवडणं

ब्रीडर नसबंदीचा आग्रह का धरतो, हे पुष्कळांना कळत नाही. आपलं मांजर कुणाच्या हातून पैदाशीत शिरू नये, एवढाच त्यात स्वार्थ नाही. पैदास करायची नसलेल्या मांजरीला दर दोन-तीन आठवड्यांनी माजावर येऊ देणं तिच्या शरीराला त्रासाचं आहे, आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. सहा महिन्यांच्या आत नसबंदी केलेल्या मांजरींत स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी कमी झाल्याचं अमेरिकेतल्या एका अभ्यासात आढळलं. मांजरांतल्या स्तनाच्या गाठी बहुतांशी कर्करोगाच्याच असतात, म्हणून हा आकडा मोलाचा आहे. 'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, मग शांत होते' या समजुतीला काहीही आधार नाही.

बाल्कनीच्या जाळीचा प्रश्न तर थेट जिवाचा आहे. कबुतरावर झेप घेणाऱ्या मांजराला मजला कितवा, हे कळत नाही. उंचावरून पडलेली काही मांजरं वाचतात, हे खरं, पण जबडा, पाय, छाती मोडून. घरात कोण असतं, हे विचारलं जातं, कारण दिवसाचे दहा तास एकटं राहणाऱ्या पिल्लाऐवजी दोन भावंडं एकत्र देणं किंवा मोठ्या वयाचं मांजर देणं बरं. फुलदाणीत लिली ठेवता का, हाही प्रश्न येतो, कारण लिलीचा परागसुद्धा चाटण्यात आला, तर मांजराचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. काहींना हे सगळं ऐकून वाटतं, की आपल्याला फक्त सोबतीला मांजर हवं होतं. तसं असेल, तर जबाबदार ब्रीडरच सांगतो, की बिल्डिंगच्या खाली वाढलेलं, माणसाळलेलं गावठी पिल्लू घ्या. तो सल्ला मनापासूनचा असतो आणि घेण्यासारखा असतो.

कायद्याचा आधार इथे तोकडा आहे. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली स्वतंत्र नियम केले, पण त्यांत मांजरं येत नाहीत. २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानांना राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. घरातून, फोनवरून होणाऱ्या विक्रीवर मात्र फारशी नजर राहत नाही. म्हणून ब्रीडर आणि घेणारा यांच्यातला लेखी करार महत्त्वाचा ठरतो.

त्या करारात एक कलम असतं: काही कारणाने मांजर सांभाळणं जमेनासं झालं, तर ते दुसऱ्याला न देता ब्रीडरकडे परत द्यायचं, मग ते कितीही वर्षांचं असो. त्याच्या जोडीला आणखी एक कलम असतं. मांजराला कोणताही गंभीर आजार निघाला, तर ब्रीडरला कळवायचं. घेणाऱ्याला ते औपचारिक वाटतं, पण साऱ्या पैदाशीचा डोलारा त्यावरच उभा असतो. समजा, तुमच्या सहा वर्षांच्या मांजराच्या हृदयाची भिंत जाड झाल्याचं सोनोग्राफीत दिसलं. त्याची भावंडं कोणत्या घरी आहेत, हे ब्रीडरला ठाऊक असतं, आणि त्यांची तपासणी लक्षणं दिसण्याआधीच करता येते. त्याचा बाप अजून स्टड म्हणून वापरला जात असेल, तर त्याला त्याच आठवड्यात थांबवता येतं. चार गल्ल्या पलीकडून पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू आणलेलं असेल आणि विकणाऱ्याचा फोन सहा महिन्यांतच बंद झाला असेल, तर तो रिपोर्ट तुमच्या फाइलमध्येच राहतो, आणि तिकडे त्याच बोक्याचं पुढचं वेत विक्रीला लागतं.